जुन्या सिंथचे जड आणि खरखरणारे स्लायडर: साफ कसे करायचे आणि वंगण नेमकं कुठे लावायचं

जुना सिंथ म्हणजे सिंथेसायझर घरी आला की पहिला दिवस नुसता वाजवण्यात जातो, दुसऱ्या दिवशी कधीतरी कटऑफचा, म्हणजे आवाजाचा फिल्टर उघडणारा स्लायडर हळूहळू वर नेताना जाणवतं की आवाज एकसारखा उघडत नाहीये, मध्येच उडी मारतोय, किंवा स्लायडर निम्म्यात येऊन जड होतोय आणि एकदम सुटतोय. मग घरात जो काही स्प्रे असेल तो वरूनच फटीत मारायचा मोह होतो. तेवढं करू नका, बाकी सगळं हळूहळू जमतं.

मी स्वतः ते केलेलं आहे म्हणून सांगतोय. माझ्याकडे पहिला सिंथ, रोलँडचा एसएच-१०१, आला तेव्हा कडी-कोयंड्याला मारतात तो गंज सोडवायचा स्प्रे मी न उघडता सगळ्या स्लायडरमध्ये मारला, त्या दिवशी सगळे लोण्यासारखे फिरले, मी खूश. पावसाळा संपून दिवाळी आली तोपर्यंत त्यातले निम्मे आधीपेक्षा जड झाले होते, कारण स्प्रेने आतलं मूळचं ग्रीस पातळ करून ट्रॅकवर पसरवलं, त्यावर धूळ बसली आणि त्याचा काळा चिकटा झाला. ते निस्तरायला जेवढा वेळ गेला त्याच्या पाव वेळात आधीच नीट साफसफाई झाली असती.

हे सगळं मी रोलँडचाच ज्युनो-१०६ समोर ठेवून लिहितोय कारण त्यावर माझा हात जास्त बसलाय. १९८४ चं मशीन, सहा व्हॉइस म्हणजे एका वेळी सहा नोटा, आणि पॅनेलवर डावीकडून उजवीकडे नुसती स्लायडरची रांग. पण एसएच-१०१, ज्युनो-६, ज्युनो-६०, आर्प ओडिसी, कुठलंही स्लायडरवालं जुनं मशीन घ्या, आतली गोष्ट साधारण हीच आहे.

आत असतं काय

एक लांबट पत्र्याची डबी असते. तिच्या तळाला एका पट्टीवर दोन ट्रॅक छापलेले असतात, एक कार्बनचा ज्याला रेझिस्टन्स असतो आणि एक चांगला करंट वाहणारा. वरून एक प्लास्टिकचा तुकडा सरकतो, त्याच्या पोटाला पातळ पितळी रंगाची बोटं असतात, तो वायपर. ती बोटं दोन्ही ट्रॅकना एकाच वेळी टेकतात आणि जिथे टेकतात तिथला व्होल्टेज बाहेर येतो. प्लास्टिकचा तुकडा पत्र्याच्या कडांना घासत जातो आणि तिथे कंपनीने जाडसर ग्रीस लावलेलं असतं, म्हणून नवीन स्लायडर हाताला असा मऊ, भरीव लागतो.

म्हणजे आत दोन वेगळ्या जागा आहेत हे डोक्यात पक्कं बसवा. ट्रॅक आणि बोटं ही करंटची जागा, ती स्वच्छ पाहिजे. कडा ही घासायची जागा, तिथे ग्रीस पाहिजे. चाळीस वर्षांत कडांवरचं ग्रीस सुकून घट्ट होतं तेव्हा स्लायडर जड होतो, आणि ट्रॅकवर धूळ, कार्बनची पूड, सिगारेटचा धूर, उदबत्तीचा धूर बसतो तेव्हा आवाज उड्या मारतो. दोन तक्रारी, दोन उपाय. एकच स्प्रे दोन्हीवर मारला की काय होतं ते वर सांगितलंच.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे झीज. कार्बन घासून गेला असेल तर कुठलाही स्प्रे तो परत आणत नाही.

उघडण्याआधी नेमका कुठला स्लायडर आजारी आहे ते शोधा

एसएच-१०१ किंवा आर्प ओडिसीसारख्या मशीनमध्ये स्लायडरचा व्होल्टेज किंवा आवाज सरळ सर्किटमध्ये जातो, त्यामुळे घाण असली तर खरखर कानाला ऐकू येते. ज्युनो-१०६ मध्ये तसं नाही, तिथे आतला प्रोसेसर प्रत्येक स्लायडर वाचतो आणि त्याचा आकडा करतो, त्यामुळे खरखरीऐवजी किंमत उडी मारते किंवा नुसती थरथरत राहते. फिल्टर आपोआप हलल्यासारखा वाटतो आणि नवीन माणसाला वाटतं व्हॉइस चिप गेली. चिपा जातात हे खरंय, पण चिप गेली तर साधारणपणे सहापैकी एखाद्याच व्हॉइसला त्रास होतो, म्हणजे काही नोटा बिघडतात आणि काही बऱ्या वाजतात. स्लायडर खराब असला तर सहाही व्हॉइस एकदम हलतात.

अजून एक, पॅच म्हणजे मेमरीत साठवलेला आवाज बदलल्यावर स्लायडर जिथे उभा आहे आणि आवाज जसा आहे ते जुळत नाही, हात लावला की आवाज एकदम स्लायडरच्या जागेवर येतो. हा बिघाड नाहीये, मेमरीवाल्या मशीनचं कामच तसं आहे.

ज्युनो-१०६ मध्ये तपासायची एक फार सुंदर सोय आहे जी लोक वापरतच नाहीत. मागे मिडीच्या, म्हणजे सिंथ कॉम्प्युटरला जोडायच्या सॉकेटच्या शेजारी तीन जागांचा एक स्विच आहे, तो तिसऱ्या जागेवर ठेवला की जवळजवळ प्रत्येक स्लायडर हलवल्यावर त्याची किंमत मिडीमधून बाहेर जाते. कॉम्प्युटरला मिडी इंटरफेस लावा, मिडीचे आकडे दाखवणारा कुठलाही फुकट मिळणारा प्रोग्राम, म्हणजे मिडी मॉनिटर, उघडा, आणि स्लायडर अगदी सावकाश खालून वर न्या. प्रत्येक ओळीत सात आकडे येतील, त्यातला पाचवा म्हणजे कुठला स्लायडर आणि सहावा म्हणजे त्याची किंमत, ० ते १२७. चांगला स्लायडर असेल तर ४०, ४१, ४२ असं पायरी पायरीने चढतं. घाण असेल तर ४०, ४१, ७३, ४२ असं काहीतरी दिसतं, आणि तुम्ही हात लावलेला नसतानाही ओळी येत राहिल्या तर तो स्लायडर पक्का आजारी. प्रत्येक स्लायडरपुढे कागदावर लिहून ठेवा, कुठे उडी मारतो तेही लिहा, खाली, मध्ये की वर. हाच कागद नंतर साफ केल्यावर परत तपासायला लागतो. व्हॉल्यूम मात्र मिडीवर येत नाही, तो कानानेच तपासायचा. आणि एचपीएफचा म्हणजे हाय-पास फिल्टरचा स्लायडर चारच जागी थांबतो, तो खटक्याखटक्याने सरकतो म्हणून घाबरू नका.

सामान

९९ टक्क्यांचं आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल रिपेअरवाले हेच वापरतात त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास सहज मिळतं. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि बऱ्याचदा ग्लिसरीन असतं. फोमच्या काड्या, कापसाच्या काड्यांचे धागे आत अडकतात. मऊ ब्रश, हवेचा रबरी फुगा, चिमटा, टूथपिक, बारीक स्क्रूड्रायव्हर. फेडर म्हणजे स्लायडरसाठीचं वंगण, मी डीऑक्सिट एफ५ वापरतो, आणि इथे एक घोळ हमखास होतो, त्याच कंपनीचं डी५ पण मिळतं, दिसायला भाऊभाऊ, पण डी५ हे धातूच्या कॉन्टॅक्टसाठी, स्विच आणि जॅकसाठी आहे, कार्बनच्या ट्रॅकला एफ५ घ्यायचं. कडांसाठी प्लास्टिकला चालणारं जाडसर सिंथेटिक ग्रीस. सिलिकॉनचं नको, ते सरकत सरकत ट्रॅकवर जातं आणि मग निघता निघत नाही.

शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, गाडीचं ग्रीस, पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, यातलं काहीही आत जाऊ द्यायचं नाही. थिनर आणि रिमूव्हर प्लास्टिकच वितळवतात. ट्रॅकवर पेन्सिलीचं शिसं घासायचा सल्लाही कोणीतरी देईल, तोही ऐकू नका, ट्रॅकचा रेझिस्टन्स ठिकठिकाणी बदलून बसतो.

सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर आधी सराव करा, आणि सराव सिंथवर करायचा नाही. एखादा जुना बंद पडलेला साउंड मिक्सर घ्या, फेडर आतून तसेच असतात. मी शिकलो ते एका बेंजो पार्टीच्या मिक्सरवर. मिरवणुकीत वापरलेला, पहिला फेडर उघडला तर आत ग्रीसमध्ये गुलाल असा मुरलेला की सगळं ग्रीस गुलाबी. त्या एका मिक्सरमध्ये पत्र्याची कानं कशी वाकतात, कधी तुटतात, बोटं किती नाजूक असतात ते सगळं कळलं, आणि चार फेडर मोडले त्याचं दुःखही झालं नाही.

उघडताना

पॅच जपून ठेवायचे असतील तर आधी टेप सेव्हच्या जॅकमधून त्यांचा आवाज कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवा, ज्युनो-१०६ कॅसेटवर पॅच साठवायच्या काळातलं मशीन आहे, १२८ पॅच असे आवाजाच्या रूपात बाहेर येतात. रेकॉर्ड झाल्यावर मशीनमध्येच व्हेरिफाय करून बघा. आतल्या बॅटरीला हात लावायची गरज नाहीये, पण हात चुकून लागतोच.

मग प्लग भिंतीतून काढा. नुसतं मशीनचं बटण बंद करून चालत नाही, कारण बटणापर्यंत मेन्सचा करंट आलेलाच असतो आणि तुमचा हात पॅनेलच्या आत जाणार आहे. हो, आणि मशीन जपानहून आलं असेल तर मागची पट्टी वाचा, १०० व्होल्ट लिहिलेलं असेल तर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरशिवाय ते आपल्या २३० व्होल्टला लावायचंच नाही.

स्लायडरच्या टोप्या सरळ वर ओढून काढायच्या. चाळीस वर्षांचं प्लास्टिक कडक झालेलं असतं, स्क्रूड्रायव्हरने खालून उचकटलं तर टोपीही तडकते आणि पॅनेलच्या रंगाला खाच पडते. जुनी सुती नाडी किंवा कापडाची पट्टी टोपीखालून दोन्ही बाजूंनी घालून वर ओढली की अलगद निघते. टोप्या ज्या क्रमाने काढाल त्याच क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवा.

ज्युनो-१०६ चं वरचं पॅनेल बाजूचे स्क्रू काढल्यावर गाडीच्या बॉनेटसारखं मागे उघडतं. स्लायडरचे बोर्ड त्याच पॅनेलला आतून स्क्रूने बसवलेले असतात. काही काढायच्या आधी फोटो काढा, मग अजून फोटो काढा, वायर कुठून कुठे गेलीय ते स्पष्ट दिसेल असे. जुन्या वायरी सोल्डरच्या टोकाशी तुटतात, त्यामुळे बोर्ड सारखा उलटापालटा करू नका, एकदा बाहेर घेतला की काम होईपर्यंत तसाच आधाराला ठेवा. आत हात घालायच्या आधी कुठल्यातरी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक सोडून द्या.

आधी साधी सफाई, सोल्डरिंगशिवाय

पुष्कळ स्लायडर एवढ्यानेच बरे होतात, म्हणून सुरुवात इथूनच.

बोर्ड उभा धरा, म्हणजे सुटलेली धूळ खाली पडेल. ब्रशने फटीच्या कडेची धूळ झाडा आणि व्हॅक्यूम क्लीनरची नळी दोन बोटं लांब धरून ती ओढून घ्या. दाबाने हवा आत मारली तर धूळ अजून खोल जाते, रबरी फुगा पुरतो. मग स्लायडर पूर्ण खाली, पूर्ण वर, असा सावकाश वीस वेळा न्या आणि परत झाडा.

आता एफ५. डब्याची बारीक नळी फटीच्या एका टोकाला लावायची, स्लायडर दुसऱ्या टोकाला न्यायचा, आणि अगदी अर्धा सेकंद दाबायचं. मग दुसऱ्या टोकाने तसंच. बाहेर ओघळ आला तर जास्त झालंय. मग स्लायडर तीस-चाळीस वेळा पूर्ण टोकापासून टोकापर्यंत फिरवा, निम्म्यात थांबून परत फिरू नका नाहीतर सगळी घाण तिथेच मध्ये जमा होते. बाहेर आलेलं पुसून घ्या, तासभर तसंच ठेवा, मग मशीन जोडून परत मिडी मॉनिटरवर बघा.

आकडे सरळ चढायला लागले आणि हाताला पण बरं वाटतंय, तर तिथेच थांबा, खरंच थांबा. चालणारा स्लायडर उगाच उघडू नये.

काढून उघडायची वेळ आली तर

आकडे उड्या मारतच असतील किंवा स्लायडर जडच असेल तर त्याला बोर्डावरून काढावं लागतं. एका वेळी एकच काढा.

जुन्या बोर्डांवरची तांब्याची कडी पटकन सुटते, म्हणून घाई नको. इस्त्री म्हणजे सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३५० अंशांच्या आसपास. जुन्या सोल्डरवर आधी थोडं नवीन सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट वाहायला लावणारी पेस्ट) द्यायचं, मग ते नीट वितळलं की पंपाने ओढायचं. उलटं वाटतं, पण जुनं सोल्डर एकटं नीट वितळत नाही, नवीन मिसळलं की सगळं एकदम निघतं. एकाच जागी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाही निघालं तर थंड होऊ द्या आणि परत या. डबीच्या पत्र्याचे जे जाड पाय असतात ते उष्णता खातात, त्यांना थोडा जास्त वेळ लागतो. सगळे पाय मोकळे हलताना दिसल्याशिवाय स्लायडर ओढायचा नाही, नुसता एक पाय अडकलेला असताना ओढला तर तांबं त्याच्याबरोबर येतं.

हातात आलेल्या स्लायडरच्या बाजूंना पत्र्याची छोटी कानं दुमडलेली दिसतील. ती बारीक स्क्रूड्रायव्हरने लागेल तेवढीच उघडा. हा पत्रा एक-दोनदाच वाकणं सहन करतो, तिसऱ्यांदा तुटतो. उघडल्यावर लगेच फोटो काढा, वायपरची बोटं कुठल्या दिशेला आहेत ते दिसलं पाहिजे.

आतलं दृश्य पहिल्यांदा बघाल तेव्हा थक्क व्हाल. कडांवरचं ग्रीस तपकिरी, मेणासारखं, नखाने खरवडलं तर गोळी होऊन येतं, आणि ट्रॅकच्या दोन्ही टोकांना काळी पूड, कारण वायपर चाळीस वर्षं तीच पूड ढकलत ढकलत टोकाला नेतोय.

कडांवरचं जुनं ग्रीस आधी टूथपिकने खरवडून काढा, मग आयपीए लावलेल्या फोमच्या काडीने पुसा, पूर्ण चकचकीत होईपर्यंत. ट्रॅक मात्र घासायचा नाही. ओल्या काडीने एकाच दिशेला, वजन न देता, दोन-तीन वेळा नुसता हात फिरवायचा आणि प्रत्येक वेळी नवीन काडी. काडीला थोडं काळं लागेल, तेवढं चालतं. प्रत्येक वेळी तेवढंच काळं येत राहिलं तर थांबा, आता तुम्ही घाणीऐवजी ट्रॅकच पुसताय. बोटं मागच्या बाजूने टोकाकडे पुसायची, उलटं पुसलं तर काडीत अडकून वाकतात.

मग चांगल्या उजेडात ट्रॅक तिरका धरून बघा. बोटांच्या रेषा दिसणारच, नुसती गुळगुळीत चमक असेल तर ट्रॅक ठीक आहे. रेषेत खालची तपकिरी पट्टी उघडी पडलेली दिसली तर तिथला कार्बन गेला. मल्टिमीटरने एक टोक आणि वायपर यांच्यामध्ये मोजत सावकाश सरकवा, काट्याचा जुना मीटर असेल तर उत्तम, काटा जिथे एकदम पडतो तिथे ट्रॅक तुटलाय. अशा वेळी एक शेवटचा इलाज असतो, बोटं चिमट्याने केसभर बाजूला वळवायची, म्हणजे ती न घासलेल्या कार्बनवरून चालतात. मी हे काही वेळा केलंय आणि चाललंय, पण केसभर म्हणजे केसभरच. तेही जमलं नाही तर स्लायडर बदलायचा. नवीन घेताना नुसते किलोओहम बघू नका, सरकण्याची लांबी, दांडीची उंची, पायांमधलं अंतर, आणि अंगावरचं अक्षर हे सगळं जुळलं पाहिजे. जपानी भागांवर बी म्हणजे सरळ चढणारा, ए म्हणजे व्हॉल्यूमसाठीचा वेगळ्या चढणीचा.

आता वंगण. ट्रॅकवर एफ५ चा एक थेंब, काडीने पसरवून जवळजवळ पुसून टाकल्यासारखा. कडांवर ग्रीस टूथपिकच्या टोकाने, प्रत्येक बाजूला मोहरीच्या दाण्याएवढं, आणि प्लास्टिक जिथे पत्र्याला घासतं फक्त तिथेच. स्लायडर बंद करण्याआधी दहा वेळा सरकवून बघा, ग्रीस ट्रॅककडे येताना दिसलं तर उघडून कमी करा. दांडी टिचकीने सरकायला नको, बोटाने ढकलल्यावर जिथे सोडाल तिथे थांबली पाहिजे. ढिली वाटली तर ग्रीस पातळ आहे, जाड घ्या.

कानं परत दुमडा, बोर्डावर बसवताना स्लायडर पूर्ण खाली टेकलाय आणि सरळ उभा आहे ना बघा, आधी एकच पाय सोल्डर करा, पॅनेल वर ठेवून दांडी फटीच्या मधोमध येते का ते तपासा, आणि मगच बाकीचे पाय. तिरका बसला तर दांडी पॅनेलच्या कडेला घासते आणि एवढी मेहनत करून स्लायडर परत जडच लागतो.

सगळं जोडून झाल्यावर पॅनेल स्क्रूने बंद करण्याआधी मशीन चालू करा, आत हात न घालता, आणि आधीचा कागद घेऊन प्रत्येक स्लायडर मिडी मॉनिटरवर परत वाचा. ज्याला ० किंवा १२७ पर्यंत पोचता येत नाही त्याचा एखादा पाय नीट सोल्डर झालेला नसेल. मग एक कॉर्ड दाबून धरा, फिल्टरचा रेझोनन्सचा स्लायडर थोडा वर ठेवा, आणि कटऑफ पूर्ण खालून पूर्ण वर इतक्या सावकाश न्या की वीस सेकंद लागतील. कुठेही अडखळ ऐकू आली नाही तर पॅनेल बंद करा, टोप्या लावा, आणि वाजवत नसाल तेव्हा वरून जुनी सुती साडी किंवा चादर टाकत जा, प्लास्टिक नको, पावसाळ्यात त्याखाली दमटपणा कोंडतो. महिनाभर न वापरलेल्या मशीनचे सगळे स्लायडर एकदा टोकापासून टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवून घ्या, बंद असतानाच, मग चालू करा.